रक्तपेढी आहे, मग किडनीपेढी का नाही?
अवयव शरीराबाहेर टिकवण्याच्या धडपडीचा इतिहास

किडनी निकामी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक अनेकदा एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, रक्तपेढी असते, नेत्रपेढी असते, मग किडनीची पेढी का नाही? एखाद्याने दान केलेली किडनी फ्रिजमध्ये जपून ठेवायची आणि गरज पडली की काढायची."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. रक्तातल्या लाल पेशी योग्य द्रावणात आणि २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ३५ ते ४२ दिवस टिकतात. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, द्रावणानुसार चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत ठेवता येतो. किडनी मात्र बर्फात साधारण २४ ते ३६ तास, यकृत म्हणजे लिव्हर ८ ते १२ तास, फुफ्फुस ६ ते ८ तास आणि हृदय जेमतेम ४ ते ६ तास!

हे तास कोणी, कसे मिळवले आणि त्यांचा तुमच्या-आमच्या आयुष्याशी काय संबंध आहे, ते आज समजून घेऊया.

रक्तपुरवठा थांबला की पेशीत काय होते?

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर छोटे पंप असतात. ते आत शिरणारे सोडियम सतत बाहेर फेकतात आणि पोटॅशियम आत घेतात. गळक्या होडीतले पाणी नावाडी जसे सतत उपसत असतो, तसेच हे काम आहे. त्यासाठी ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी रक्तातून येणारा ऑक्सिजन लागतो.

रक्तपुरवठा थांबला की ऊर्जा संपते आणि उपसणे बंद पडते. सोडियम आत साचते, त्याच्या मागोमाग पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. शिवाय आत आम्ल तयार होऊ लागते. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, हे सगळे फार झपाट्याने घडते. हृदय आणि यकृत अशा अवस्थेत अर्धा-पाऊण तासही धडपणे काढू शकत नाहीत.

लाल रक्तपेशीची गरज मुळातच कमी असते. तिच्यात केंद्रक नसते आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही नसते. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून या दोघांची पेढी होऊ शकते. किडनी किंवा हृदय हे अनेक प्रकारच्या पेशींचे, बारीक रक्तवाहिन्यांनी विणलेले मोठे कारखाने आहेत. त्यांना थांबवून ठेवणे इतके सोपे नाही.

वैमानिक आणि शल्यचिकित्सक

अवयवाला बाहेरून रक्त पुरवत राहिलो तर तो जिवंत राहील, हा विचार फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ल गालवा यांनी १८१२ सालीच मांडला होता. पण ते प्रत्यक्षात आणायला साधने नव्हती.

पहिला मोठा टप्पा गाठला अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने. दोन रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायच्या कशा, हे त्यांनी १९०२ साली दाखवून दिले. आजही प्रत्यारोपणात त्याच पायावर काम चालते. त्यासाठी त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये असताना १९३० साली एक अनपेक्षित माणूस त्यांना भेटायला आला. तो होता चार्ल्स लिंडबर्ग, १९२७ साली एकट्याने न थांबता विमानातून अटलांटिक ओलांडणारा वैमानिक.

लिंडबर्गच्या मेहुणीच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या होत्या. विमानाचे इंजिन बंद करून दुरुस्त करता येते, मग हृदय का नाही, असा त्याचा सवाल होता. दोघांनी मिळून १९३५ पर्यंत काचेचा एक पंप तयार केला. त्यात जंतू न शिरू देता अवयवातून पोषक द्रव फिरवत ठेवता येई. मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यांनी त्यात कित्येक दिवस टिकवली. प्रत्यारोपणासाठी तो पंप कधी वापरला गेला नाही, पण अवयव शरीराबाहेर काही काळ जिवंत राहू शकतो, हे लोकांनी प्रथमच पाहिले.

शेजारशेजारच्या दोन खोल्या

किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टनला झाले. डॉ. जोसेफ मरे यांच्या पथकाने एका भावाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला बसवली. भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने ती नाकारली नाही. अवयव टिकवायचे काय? काहीच केले नाही! दोन ऑपरेशन थिएटर जवळजवळ होती. किडनी एकातून काढली आणि दुसऱ्यात नेऊन जोडली. ती १ तास २२ मिनिटे रक्ताविना होती, तरी जोडल्यावर चालू लागली.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हाही दाता लगतच्याच खोलीत होता. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हे धाडस केले. त्यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. पण जगात मोजक्याच ठिकाणी झालेली ही शस्त्रक्रिया आपल्या परळमध्येही झाली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या काळातली मोठी अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. दाता आणि रुग्ण एकाच रुग्णालयात, एकाच वेळी असले तरच प्रत्यारोपण शक्य होते. असा योग किती जणांच्या नशिबी येणार?

बर्फ आला, पण गोठवायचे नाही

थंडीमुळे वस्तू टिकते, हे आपल्या घरातल्या दुधालाही लागू आहे. तापमान उतरले की पेशीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. दर १० अंशांमागे त्या साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. ४ अंशांच्या आसपास पेशीची भूक नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. भूक कमी, म्हणून उपासमारही उशिरा.

१९६३ साली ब्रिटनमध्ये रॉय काल्न आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की थंड केलेली किडनी १२ तासांनंतरही काम करू शकते. त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस स्टार्झल यकृताच्या प्रत्यारोपणासाठी धडपडत होते. अवयव नुसता बर्फात ठेवला तर तो बाहेरून आत हळूहळू थंड होतो. तोवर आतल्या पेशी उबेतच मरू लागतात. म्हणून स्टार्झल यांनी रक्तवाहिनीतूनच थंडगार द्रव आत सोडला. रक्त धुऊन निघाले आणि अवयव काही मिनिटांत आतूनच गार झाला. आजही प्रत्येक अवयव काढताना हेच केले जाते.

मग आणखी थंड करून थेट डीप फ्रीझरमध्ये का ठेवायचे नाही? कारण पाणी गोठले की त्याचे टोकदार स्फटिक होतात. ते पेशींची आवरणे फाडतात आणि रक्तवाहिन्यांना तडे पाडतात. फ्रीझरमध्ये ठेवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होतो, ते आठवा. म्हणून अवयव बर्फाने वेढलेल्या पिशवीत ठेवतात, पण त्याला गोठू देत नाहीत.

यंत्र की पिशवी?

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट सॅन फ्रान्सिस्कोच्या फोल्कर्ट बेल्झर यांची. त्यांनी किडनीला पंप जोडला आणि त्यातून थंड प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, फिरवत ठेवला. अडचण अशी, की प्लाझ्मातल्या मेदाच्या कणांमुळे काही तासांत किडनीच्या बारीक वाहिन्या तुंबत. प्लाझ्मा गोठवून पुन्हा वितळवला की हे कण एकत्र गोळा होतात आणि गाळून टाकता येतात. ही युक्ती सापडल्यावर बेल्झर यांनी १९६७ साली कुत्र्याची किडनी ७२ तास टिकवून दाखवली. १९६८ साली मृत दात्याची किडनी १७ तास यंत्रावर ठेवून यशस्वीपणे बसवली. पण यंत्र अवजड होते, खर्चिक होते आणि सोबत जाणकार माणूस लागे.

दुसरी वाट लॉस एंजेलिसची. तिथे पॉल तेरासाकी दाता आणि रुग्ण यांच्या पेशींची जुळणी तपासण्याचे काम करत होते. कोणाची किडनी कोणाला जुळेल, हे आता कळू लागले होते. पण जुळणारा रुग्ण दुसऱ्या शहरात असला तर त्या माहितीचा उपयोग काय? किडनी तिथवर पोचायला हवी ना!

त्यांच्या प्रयोगशाळेतले जेफ्री कॉलिन्स यांनी साधा विचार केला. थंडीत पंप बंद पडतात, त्यामुळे सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाते. मग बाहेरचा द्रवच पेशीच्या आतल्या द्रवासारखा बनवला तर? म्हणजे पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. होडीच्या आत आणि बाहेर सारखेच असेल तर गळतीने फारसे बिघडत नाही. जोडीला ग्लुकोज घातले, म्हणजे पाणी पेशीत ओढले जाणार नाही. १९६९ साली त्यांनी कुत्र्यांच्या किडन्या या द्रवाने धुऊन नुसत्या बर्फात ३० तास टिकवल्या.

द्रवाची पिशवी, बर्फ आणि एक पेटी. ना वीज, ना यंत्र, ना तंत्रज्ञ. युरोपात अवयवांची देवाणघेवाण करणारी युरोट्रान्सप्लान्ट ही संस्था १९६७ साली हॉलंडमधल्या लायडन इथे सुरू झाली होती. तिने कॉलिन्स यांचे द्रावण थोडे बदलून स्वीकारले आणि पुढे ते 'युरो-कॉलिन्स' नावाने प्रसिद्ध झाले. आता किडनी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागली.

पुढची कित्येक वर्षे बहुतेक ठिकाणी पिशवीच वापरली गेली. यंत्र वाईट नव्हते. पण जे स्वस्त आहे, साधे आहे आणि वाटेत बिघडत नाही, ते अधिक रुग्णांपर्यंत पोचते. आपल्यासारख्या देशांत प्रत्यारोपण वाढू शकले, त्यात या बर्फाच्या पेटीचा मोठा वाटा आहे.

यकृताला मिळालेले तास

यकृत मात्र या द्रावणात सात-आठ तासांपलीकडे टिकेना. त्यामुळे अर्ध्या रात्री विमाने आणि गाड्या धावत. यकृत पोचायच्या आधीच रुग्णाला टेबलावर घ्यावे लागे.

इथे पुन्हा बेल्झर आले. ते आता विस्कॉन्सिन विद्यापीठात होते आणि जेम्स साउदार्ड हे जीवरसायनतज्ज्ञ त्यांचे सहकारी होते. ग्लुकोज हळूहळू पेशीत शिरतो आणि मग त्याचा उपयोग राहत नाही, हे ओळखून त्यांनी सहजी आत न शिरणारे मोठे रेणू निवडले. त्यात ऊर्जेसाठी कच्चा माल म्हणून अ‍ॅडेनोसिन घातले. रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना घातक ऑक्सिजन-रेणूंचा मारा होतो. त्यापासून बचावासाठी ग्लुटाथायोन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल घातले. हे अ‍ॅलोप्युरिनॉल म्हणजे गाउटच्या रुग्णांना आपण देतो तेच औषध बरे का!

१९८०च्या दशकाच्या अखेरीस हे 'यूडब्ल्यू' द्रावण वापरात आले. यकृत टिकण्याची मर्यादा वाढली, काही वेळा २४ तासांच्या जवळ गेली. दूरच्या गावचे यकृत आणता येऊ लागले आणि शस्त्रक्रिया शांतपणे, नीट तयारीनिशी करता येऊ लागली.

यंत्र परत का आले?

बर्फ वेळ विकत घेतो, पण नुकसान थांबवत नाही. थंडीतही पेशी हळूहळू झिजतातच. तरुण, धडधाकट दात्याचा अवयव ही झीज सोसतो. वयस्क दात्याचा किंवा चरबी साचलेला अवयव सोसत नाही. प्रतीक्षायादी लांबत गेली, तसे असे अवयवही वापरणे भाग पडले. म्हणून संशोधक पुन्हा यंत्राकडे वळले.

२००९ साली हॉलंड, बेल्जियम आणि जर्मनीतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याची रचना फार सुंदर होती. ३३६ मृत दात्यांच्या दोन किडन्यांपैकी एक थंड यंत्रावर ठेवली आणि दुसरी बर्फात. दाता एकच असल्याने तुलना चोख झाली. बसवल्यावर लगेच काम सुरू न होता डायलिसिस लागण्याचे प्रमाण बर्फातल्या किडन्यांत २६.५ टक्के, तर यंत्रावरच्यांत २०.८ टक्के होते. वर्षभरानंतर यंत्रावरच्या ९४ टक्के किडन्या टिकून होत्या, बर्फातल्या ९० टक्के.

२०१३ साली लंडनमध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बनवलेल्या यंत्रात यकृत थंड न करता ३७ अंशांना, ऑक्सिजनयुक्त रक्तावर ठेवले आणि मग बसवले. अशा उबदार यंत्रात यकृत पित्त तयार करते, रक्तातले आम्ल साफ करते, आणि ते बसवण्यालायक आहे का, हे शस्त्रक्रियेआधीच तपासता येते. २२० प्रत्यारोपणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रावरच्या यकृतांना इजा निम्मी झाली आणि टाकून द्याव्या लागलेल्या यकृतांचे प्रमाणही निम्मे झाले. २०२२ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पथकाने जाहीर केले, की इतर केंद्रांनी नाकारलेले एक यकृत त्यांनी तीन दिवस यंत्रावर ठेवून, औषधोपचार करून बसवले आणि तो रुग्ण वर्षभरानंतरही चांगला होता.

म्हणजे अवयव नुसता साठवण्याऐवजी त्याच्यावर बाहेरच उपचार करण्याचे दिवस येऊ घातले आहेत. कॅरेल आणि लिंडबर्ग यांनी पाहिलेले स्वप्न हेच होते.

आपल्याकडे काय?

भारतात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि मेंदूमृत्यूला, म्हणजे ब्रेन डेथला, कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे अवयवांचे वाटप पाहतात. आपल्याकडे अजूनही बहुतांश अवयव बर्फाच्या पेटीतूनच प्रवास करतात. यंत्रांचा खर्च मोठा आहे.

म्हणून तर 'ग्रीन कॉरिडॉर' लागतो. हृदयाच्या चार तासांत ते काढल्यापासून जोडून रक्त सुरू होईपर्यंतचा सगळा काळ आला. शिवण्यातच सुमारे तास जातो. उरतात जेमतेम तीन तास, आणि पुणे-मुंबई रस्ता एरवीच तेवढा वेळ खातो. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या एका दात्याचे हृदय मुलुंडच्या रुग्णालयात आणून यशस्वीपणे बसवले गेले. डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर मुंबईला ४७ वर्षे थांबावे लागले होते. पुढच्या वेळी पोलीस रस्ता अडवून रुग्णवाहिकेला वाट देताना दिसले, तर चिडू नका. त्या गाडीत कोणाचे तरी तास आहेत.

खरी पेढी कधी होईल?

प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली उंदरांच्या किडन्या विशेष द्रवाच्या मदतीने, बर्फाचे स्फटिक न होऊ देता, काचेसारख्या घट्ट करून १०० दिवसांपर्यंत अतिथंड ठेवल्या. मग लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने त्या आतून एकसारख्या गरम केल्या आणि उंदरांना बसवल्या. त्या चालल्या. पण उंदराची किडनी शेंगदाण्याहून फार मोठी नसते. माणसाच्या अवयवापर्यंत हे पोचायला वेळ लागेल. तोवर पेढी नाही, आणि म्हणूनच निर्णय वेळेवर होणे महत्त्वाचे.

तुमच्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे

• अवयवदानाचा निर्णय घरात आधीच बोलून ठेवा. मेंदूमृत्यूची खात्री डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून करते. त्यानंतर कुटुंबाची संमती लागते. दुःखाच्या त्या घडीला "त्यांची इच्छा काय होती" हे माहीत असेल, तर नातेवाइकांचे ओझे हलके होते आणि मोलाचे तासही वाचतात.

• मेंदूमृत व्यक्तीचे हृदय, किडनी, यकृत दान होऊ शकते, कारण व्हेंटिलेटरमुळे अवयवांना ऑक्सिजन मिळत असतो. घरी मृत्यू झाल्यास हे अवयव देता येत नाहीत. मात्र नेत्रदान आणि त्वचादान साधारण सहा तासांच्या आत होऊ शकते. डोळ्यांच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोके थोडे उंच ठेवा आणि लगेच नेत्रपेढीला फोन करा.

• तुमचे किंवा घरच्यांचे नाव प्रतीक्षायादीत असेल तर फोन रात्रीही चालू ठेवा. नंबर किंवा पत्ता बदलला तर केंद्राला कळवा. बाहेरगावी जाण्याआधी समन्वयकाला सांगा. बोलावणे आले की रुग्णालयात किती वेळात पोचाल आणि वाहन कोणते, हे आधीच ठरवून ठेवा.

• अवयव जवळच्या रुग्णाला आधी मिळाला, तर लगेच वशिल्याचा संशय घेऊ नका. वाटपाच्या नियमांत अंतराचा विचार असतो आणि त्यामागे हेच घड्याळ आहे. शंका असेल तर समन्वय केंद्राकडे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

बोस्टनच्या जवळजवळच्या दोन खोल्यांपासून झुरिकच्या तीन दिवसांपर्यंत विज्ञानाने बरेच तास मिळवले. पण त्यातला पहिला तास अजूनही दात्याच्या घरच्यांच्या हातात असतो. आज रात्री जेवताना हा विषय घरात काढून पाहा.